आवाजाची दोरी कोणाच्या हाती?

२७ एप्रिल १९३३. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. कॉन्स्टिट्यूशन हॉल या सभागृहात श्रोते जमलेले, पण रंगमंचावर वादक मात्र एकही नाही! फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आपल्या गावी, तिथल्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्येच वाजवत होता. म्हणजे साधारण सव्वादोनशे किलोमीटर दूर. तिथे तीन मायक्रोफोन, तिथून टेलिफोनच्या तीन तारा आणि इकडे वॉशिंग्टनला पडद्यामागे तीन लाउडस्पीकर. बेल लॅबोरेटरीज आणि हार्वे फ्लेचर या शास्त्रज्ञाचा हा प्रयोग.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढेच. या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर (एसटीतले नव्हेत हो!) लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हतेच. ते काम त्यांनी अलेक्झांडर स्मॉलेन्स या सहकाऱ्यावर सोपवले होते. स्वतः ते वॉशिंग्टनमध्ये, सभागृहात मागे, आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या हातात धरून बसले होते. छडी दुसऱ्याकडे आणि खुंटी आपल्याकडे! पुढे ध्वनिक्षेपणाच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा पूर्वज शोधायचा असेल तर मी या माणसाकडे बोट दाखवीन.

हा ध्यास त्यांना रेडिओमुळे लागला. रेडिओवर फार हळू वाजले तर खरखरीत बुडते आणि फार मोठे वाजले तर फाटते. म्हणून तिथे एक तंत्रज्ञ सतत आवाज सावरत बसलेला असे. त्याला पाहून स्टोकोव्स्की म्हणे भडकले, की मग खरा कंडक्टर हाच झाला की! त्यांनी खुंट्या आपल्याकडे मागितल्या आणि रेडिओवाल्यांनी त्यांना कशालाच न जोडलेल्या खुंट्या दिल्या, असा किस्सा सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण त्यांची तक्रार मला पटते. वाद्यांचे आपसातले प्रमाण ही एक गोष्ट आणि अख्ख्या मैफलीचा आवाज ही दुसरी. ही दुसरी ज्याच्या हाती, त्याच्या हाती श्रोत्याचा श्वास.

विजेच्या आधी हे कसे चालायचे? चालायचे, माणसांच्या जोरावर. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार आम्हा शिक्षकांच्या जातीतला. लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तो १९०५ पासून १९३४ साली मरेपर्यंत शिकवत होता. संस्कृत शिकला होता आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्याने एक छोटा ऑपेराही लिहिला. त्याची 'द प्लॅनेट्स' ही रचना १९१८ मध्ये प्रथम वाजली. तिच्या शेवटच्या भागात, नेपच्यूनमध्ये, स्त्रियांचा कोरस रंगमंचावर दिसत नाही, शेजारच्या खोलीत गातो. अखेरीस त्या खोलीचे दार अगदी हळू, आवाज न करता लावून घ्यायचे आणि सूर दूर विरून जाईपर्यंत शेवटचे माप म्हणत राहायचे, अशी सूचना खुद्द संगीतलिपीत छापलेली आहे. आता दार लावणारा माणूस हाच झाला ना आवाजाचा धनी? बिचाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापत असतील का?

जर्मनीत वेल्टे-मिन्यों नावाचा आपोआप वाजणारा पियानो १९०४ साली निघाला होता. त्याच्या कागदी गुंडाळीवर मधल्या भोकांनी सूर ठरत आणि दोन्ही कडांच्या भोकांनी आवाजाचा चढउतार. वादक घरी गेला तरी त्याचा जोर कागदावर शिल्लक! आवाज आधीच लिहून ठेवण्याची खरी सुरुवात मला इथे दिसते.

आता पुन्हा स्टोकोव्स्कींकडे. १९३९ मध्ये त्याच अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये वॉल्ट डिस्नेच्या 'फँटासिया' चित्रपटासाठी त्यांनी बरेचसे संगीत ध्वनिमुद्रित केले. चित्रपट गावोगाव जाणार, स्टोकोव्स्की प्रत्येक थिएटरात खुंटी धरून कसे बसणार? त्यातून त्या काळच्या फिल्मवरच्या आवाजाची झेप तोकडी. हळू सूर सळसळीत हरवायचे आणि मोठे फिल्मवर मावायचे नाहीत. डिस्नेचे विल्यम गॅरिटी आणि आरसीए कंपनीचे तंत्रज्ञ यांनी यावर एक तोड काढली. चित्राच्या फिल्मबरोबर दुसरी एक फिल्म चालवायची, तिच्यावर चार पट्ट्या. तीन संगीताच्या. चौथीवर संगीत नाहीच, नुसते तीन वेगवेगळे सपाट स्वर, एकेका पट्टीसाठी एकेक. श्रोत्याला ते ऐकू येत नसत, ते ऐके यंत्र. चौथ्या पट्टीवरचा स्वर वाढला की त्याच्या जोडीच्या संगीताचा आवाज आपोआप वाढे. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात हे फँटासाउंड लोकांनी ऐकले.

म्हणजे संगीत वेगळे लिहिले आणि त्याचा आवाज वेगळा लिहिला. हाताची जागा पट्टीने घेतली. सात वर्षांपूर्वी तो हात सभागृहाचे ऐकत होता, कोणी खोकले, कुजबुजले तर थांबू शकत होता. ही पट्टी कोणाचेच ऐकत नाही. आज थिएटर भरलेले आहे की रिकामे, तिला काय त्याचे?

आमचा धाकटा नातू लॅपटॉप घेऊन कार्यक्रम करतो. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २००१ मध्ये काढलेले 'लाइव्ह' नावाचे सॉफ्टवेअर तो वापरतो. पडद्यावर आडवी तांबडी रेघ, तिच्यावर ठिपके. "आजी, ही रेघ म्हणजे अख्ख्या गाण्याचा आवाज. इथे चढतो, इथे उतरतो, मी हात नाही लावायचा." मी म्हटले, अरे, ही तर ती चौथी पट्टी! मग १९४० ची गोष्ट त्याला सांगितली, आणि त्याने फोन खाली ठेवून ऐकली, हे विशेष.

पण मग मी विचारले, लोक गाण्यात रमले, तू एक आवर्तन जास्त वाजवलेस, तर रेघ थांबेल का? नाही थांबणार. हा प्रश्न ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना माहीत होता असे दिसते. कारण त्यात अशी सोय आहे की रेघ चालू असताना माणसाने ती खुंटी माउसने किंवा बाहेरच्या फळीवरून हलवली, की तेवढ्यापुरती रेघ निमूट बाजूला होते आणि एक बटण उजळते. ते दाबले की पुन्हा रेघेचा अंमल. जाणते वादक त्याहून शहाणपणा करतात. शेवटच्या मुख्य खुंटीवर रेघ आखतच नाहीत. तिच्या आधी 'युटिलिटी' नावाचे एक साधन बसवतात आणि चढउतार त्याच्यावर लिहितात. मुख्य खुंटी हातासाठी मोकळी. रेघ आपले काम करते, हात आपले.

मला हे वाचून आमची पाठटाचणे आठवली. पस्तीस मिनिटांच्या तासाचा आराखडा मिनिटामिनिटाने लिहायचा, मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि वर्गात गेल्यावर पहिल्याच बाकावरचा मुलगा असे काही विचारायचा की टाचण टेबलावरच राहायचे. पण टाचण न लिहिता गेलेला तास बहुधा भरकटायचाच, हेही खरे. असो.

फँटासाउंडचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. यंत्रे अवजड, महाग, मोजक्याच शहरांत लागली. नंतर चित्रपट साध्या एकपट्टी आवाजात फिरला. १९५५ च्या सुमारास मूळ ध्वनिफिती खराब होऊ लागल्या, तेव्हा स्टुडिओत उरलेल्या फँटासाउंडवर त्या वाजवून चुंबकीय फितीवर उतरवल्या. फित होती हॉलिवुडमध्ये आरसीएकडे. आवाज तिथवर नेला तो टेलिफोनच्या तारांवरून!