चौरंगी निशाणाची डाकबोट

चौरंगी निशाण : हे ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’, म्हणजेच पी. अँड ओ. या ब्रिटिश आगबोट कंपनीचे निशाण. कर्णरेषांनी पडलेले चार त्रिकोण: वर पांढरा, काठीलगत निळा, समोर लाल आणि खाली पिवळा. निळा-पांढरा हे पोर्तुगालच्या, तर लाल-पिवळा हे स्पेनच्या राजघराण्याचे रंग. कारण १८३७ मध्ये कंपनीला डाकेचे पहिले कंत्राट मिळाले ते याच दोन देशांच्या बंदरांसाठी. १८४० च्या राजसनदेनंतर नावात ‘ओरिएंटल’ आले आणि १८५४ पासून सुएझ-मुंबई डाकही तिच्याकडे आली. माळव्याची अफू मुंबईहून चीनला नेण्यातही तिने मोठी कमाई केली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यावर तिने आणलेली विलायती डाक जळगाव-भुसावळमार्गे कलकत्त्याकडे जाऊ लागली.

मराठी वाचकाने हे निशाण आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात सावरकरांनी जिच्यावरून समुद्रात उडी घेतली, ती ‘मोरिया’ याच कंपनीची. १९१४ मध्ये ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनी पी. अँड ओ.शी जोडली गेली आणि हिंदी किनाऱ्यावरची या समूहाची पकड आणखी घट्ट झाली. तिला आव्हान देण्यासाठी वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये ‘सिंदिया’ कंपनी उभारली. तिची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. (संपादक)