तेरावा खिसा : बुऱ्हाणपूरच्या लसनोंदींविषयी थोडेसे

बुऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की आपण शाही किल्ला, हमामखाना आणि कुंडी भंडारा यांपाशी थांबतो. आरोग्य केंद्रातल्या दीदींच्या लसीकरणाच्या नोंदवह्या मात्र कुणी दस्तऐवज म्हणून पाहत नाही. म्हणून हे टिपण.

लस आणि नोंद यांची जोडी जुनी आहे. १८८० चा लसीकरण कायदा नगरपालिका आणि छावण्यांसाठी होता. त्यात बाळाला देवी टोचून काम संपत नसे. टोचलेलं नीट उठलं की नाही, हे पुन्हा पाहून दाखला द्यावा लागे. तेव्हापासून टोचणाऱ्याच्या हातात लेखणी आली, ती काही सुटली नाही.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला आणि लिखाण वाढलं. एकाच बाळाची तीच तारीख घरच्यांच्या कार्डावर, केंद्राकडच्या अर्ध्या कार्डावर आणि रजिस्टरात. अर्धी कार्डं ठेवायला चौदा खिशांची कापडी पिशवी. बारा खिसे बारा महिन्यांचे. बाळाची पुढची लस ज्या महिन्यात, त्या खिशात कार्ड. चौदावा, सगळ्या लसी पूर्ण झालेल्यांचा. आणि तेरावा, गाव सोडून गेलेल्यांचा आणि दगावलेल्यांचा.

आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यात हा तेरावा खिसा फार बोलका. लेक बाळंतपणाला रावेरला माहेरी जाते, मजूर कुटुंबं कामासाठी महाराष्ट्रात उतरतात. कागदी कार्ड त्यांच्याबरोबर जातं. इकडे हिंदी, तिकडे मराठी, पण लिपी एकच. त्यामुळे पलीकडची ताई तारीख वाचून पुढची लस देऊ शकते. कार्ड हरवलं की मात्र आईच्या आठवणीवर भिस्त.

ही अडचण संगणकानं सुटावी, हाच हेतू. २०२१ च्या १६ जानेवारीला कोविडची लस सुरू झाली तेव्हा को-विन घरोघरी माहीत झालं. २०२३ च्या जानेवारीत बाळांच्या लसींसाठी यू-विन देशातल्या ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आलं. नोंद कुठल्याही गावी सापडणं, ही मोठीच सोय. पण नेटवर्क नसलं की आधी वहीत लिहायचं, मग मोबाइलवर चढवायचं. घरातला मोबाइल नंबर बदलला, की बाळ शोधत बसायचं. हा दुहेरी भार दीदीच उचलते.

शिवाय वहीत शेऱ्याचा रकाना असतो. 'घर बंद', 'माहेरी गेली', 'आजी नको म्हणते' असं काहीही तिथं लिहिता येतं. ठरावीक पर्यायांतून एक निवडायचा, तिथं आजीला जागा कुठली?

सभासदांना विनंती : जुन्या वह्या रद्दीत जाऊ नयेत, म्हणून आपापल्या केंद्रात शब्द टाका. त्यांत आई-बाळांची नावं आहेत, तेव्हा फोटो काढून इकडेतिकडे पाठवू नका. त्यापेक्षा निवृत्त झालेल्या दीदींना भेटा आणि ते शेरे त्यांनी का लिहिले, ते विचारून टिपून ठेवा. वही कदाचित कपाटात टिकेल, आठवण माणसाबरोबर जाते.