रांजणांच्या गावचा डॉक्टर

क्यूबा बेटाच्या पोटात कामागुए नावाचे एक जुने शहर आहे. त्याची ओळख सांगायची तर रांजणांवरूनच सांगावी लागते. पाण्याची चणचण, म्हणून स्पॅनिश अमलातल्या घरमालकांनी तांबड्या मातीचे, माणूस आत सहज बसेल असे थोरले रांजण घडवून घेतले आणि पागोळ्यांचे पाणी त्यांत साठवले. जुन्या वाड्यांच्या चौकांत ते अजून दिसतात. परगावच्या पाहुण्याने कामागुएच्या मुलीच्या हातून त्या रांजणातले पाणी प्यायले तर तो गाव सोडून जात नाही, अशी तेथे आख्यायिका आहे.

याच गावात ३ डिसेंबर १८३३ रोजी कार्लोस हुआन फिन्ले यांचा जन्म झाला. गावाचे तेव्हाचे नाव पुएर्तो प्रिन्सिपे. वडील स्कॉटिश, आई फ्रेंच, शिक्षण फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात, आणि जन्माची कर्मभूमी हवाना. घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच मरण वाढते, हे जगाला ठासून सांगणारा मनुष्य तो हा. त्याने रांजणांच्या गावीच जन्म घ्यावा, हा योग आमच्यासारख्या कादंबरीवाल्याने जुळवला असता तर टीकाकारांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. इतिहासाला मात्र तशी भीती नसते.

त्या काळी हवानाला पीतज्वराचा विळखा होता. आधी ताप, मग कावीळ, शेवटी काळी ओकारी. गावच्या माणसांना लहानपणी तो हलकासा येऊन गेलेला असे, म्हणून ती वाचत. बोटीतून नव्याने उतरलेला परका मनुष्य मात्र आठपंधरा दिवसांत आडवा होई. हा ताप घाणीतून येतो, दूषित हवेतून येतो, रोग्याच्या अंथरुणा-पांघरुणातून येतो असे जाणते लोक सांगत. फिन्लेसाहेबांचे स्वतःचेही आधी काही निराळे मत नव्हते. हवेतील क्षाराने हा ताप येतो, असे धरून त्यांनी कित्येक वर्षे हवानाची हवा मोजली. पुढे ते मत त्यांनी आपणच सोडून दिले. इतक्या वर्षांचे टिपण बाजूला सारायला काय लागते, हे ज्याने एखादी अर्धी कादंबरी फाडली आहे त्यालाच कळेल.

१४ ऑगस्ट १८८१ या दिवशी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी निबंध वाचला. पीतज्वर एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा डास आहे, आणि तो अमुक एकाच जातीचा आहे, असे त्यांनी सांगितले. सभा गप्प राहिली. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी खोडूनही काढले नाही. मागून थट्टा मात्र पुष्कळ झाली. विरोधाला उत्तर देता येते; पण मौनाला काय उत्तर देणार?

त्यांनी दाखवलेला डास आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. चावायचा तो दिवसाउजेडी. आज त्याला एडीस इजिप्ती म्हणतात. पीतज्वर हिंदुस्थानात कधी रुजला नाही, पण हा डास आपल्या घरांत मुक्कामाला आहे आणि डेंग्यू आणतो तो हाच. गटाराशी याला कर्तव्य नाही. याला लागते भांड्यातले निवळ पाणी: पिंपातले, रांजणातले, कुंडीखालच्या बशीतले. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. पाणी आटले तरी ती अंडी महिनोन् महिने कोरडी तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून टाकणे पुरत नाही, आतून भांडे घासावे लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठदहा दिवस लागतात. आमच्या शाळेत मागच्या पडवीत एक पिंप असे. मधल्या सुट्टीत पोरे त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या बाटलीत धरून ‘मास्तर, मासे!’ म्हणून मला आणून दाखवत. मीही कौतुकाने पाहत असे. मला तरी कोठे ठाऊक होते?

फिन्लेंनी शंभराहून अधिक माणसांवर प्रयोग केले, तरी कोणाची खात्री पटेना. चूक कोठे होती ती पुढे कळली. रोग्याला चावलेला डास ते दोनचार दिवसांतच दुसऱ्याला चावू देत. पण डासाच्या अंगात रोग मुरायला बारा दिवसांच्या आसपास लागतात; तोवर तो निरुपद्रवी असतो. म्हणजे सिद्धान्त खरा, पण घाई आठवड्याभराची! त्या आठवड्याने वीस वर्षे खाल्ली.

१८९८ साली स्पेन-अमेरिका युद्ध झाले आणि हवाना अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आले. शहराचे आरोग्य पाहायला मेजर विल्यम गॉर्गस यांना नेमले. या गृहस्थाला पीतज्वर तरुणपणीच येऊन गेला होता. टेक्सासातल्या एका लष्करी ठाण्यावर साथ असताना एका मुलीचे दुखणे विकोपास गेले. तिच्यावर त्यांनी उपचार केले, ती बरी झाली, आणि पुढे तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. असा हा अनुभवी मनुष्य. त्याने रस्ते झाडून घेतले, उकिरडे उपसले, गटारे धुऊन काढली. हवाना कधी नव्हे इतके स्वच्छ दिसू लागले. आणि पीतज्वर वाढला! स्पेनमधून नवे लोक हजारोंनी उतरत होते, त्यांना हे झाडलेले रस्ते वाचवू शकले नाहीत. १९०० साली शहरात ३१० माणसे या तापाने दगावली.

त्याच वर्षी लष्कराने चौघा डॉक्टरांचे एक मंडळ धाडले: वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझेअर आणि अरिस्तिदेस आग्रामोंते. इतर तर्क फोल ठरल्यावर ही मंडळी फिन्लेंच्या दारी गेली. साठी उलटलेल्या त्या वृद्धाने काय केले? वीस वर्षांची थट्टा काढून दाखवली नाही; आपल्याजवळची डासांची अंडी त्यांच्या हवाली केली. त्या अंड्यांतून लाझेअरने डास वाढवले. ऑगस्टअखेर कॅरोलने आपल्या हातावर डास चावून घेतला. तो मरता मरता वाचला. सप्टेंबरात लाझेअर आजारी पडला आणि २५ तारखेला गेला. चौतीस वर्षांचा होता. त्याच्यामागे पत्नी आणि दोन लहान मुले.

मग रीडने हवानाजवळ माळावर छावणी उभारली व तिला लाझेअरचे नाव दिले. तेथे दोन लाकडी घरे बांधली. एकात पीतज्वराच्या रोग्यांची ओकारीने माखलेली अंथरुणे आणून टाकली आणि त्या दुर्गंधीत एक डॉक्टर व दोन शिपाई वीस रात्री झोपले. कोणाला काही झाले नाही. दुसरे घर लख्ख स्वच्छ. मधोमध तारेची बारीक जाळी, एका बाजूला डास सोडलेले. त्या बाजूस जॉन मोरान नावाचा तरुण कारकून जाऊन पडला. ऐन नाताळच्या दिवशी त्याला ताप भरला. जाळीच्या पलीकडे, तीच हवा घेणारी माणसे धडधाकट राहिली. या कामी स्पॅनिश मजुरांना शंभर डॉलर आणि आजार आल्यास आणखी शंभर असा लेखी करार होता. मोरानने मात्र एक पैसाही घेतला नाही. गरिबाला पैसे देऊन मरणाच्या तोंडी उभे करणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करू धजत नाही. पण धोका काय तो कागदावर लिहून, वाचून दाखवून सही घेतली, एवढेही त्या काळात थोडे नव्हते.

गॉर्गसचा मात्र अजून विश्वास बसेना. डासच जर कारण, तर त्याचा बंदोबस्त होणार कसा? तरी फेब्रुवारी १९०१ मध्ये त्याने काम हाती घेतले. मला स्वतःला या साऱ्या कथेतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो, आणि पुस्तकांत तो चार ओळींत उरकलेला असतो. कारण येथे ना बलिदान, ना नाट्य. येथे आहे ती मोजदाद.

शहराचे भाग पाडले. प्रत्येक भागाला निरीक्षक. त्याने घरोघर जाऊन पिंपे, हौद, टाक्या, फुटके डेरे वहीत मांडायचे आणि कशात अळ्या आहेत ते लिहायचे. पहिल्या पाहणीत अळ्यांची सव्वीस हजारांच्या आसपास भांडी निघाली. मग सुतार लावले. पिण्याच्या पिंपांना झाकण, झाकणाला जाळी, पाणी काढायला खाली तोटी. सांडपाण्याच्या खड्ड्यांवर घासलेट. ज्या घरी रोगी, ते घर जाळीने बंद करून आत डासनाशक पुडीची धुरी. पुन्हा पुढल्या महिन्यात तोच निरीक्षक, तीच वही. ज्याच्याकडे अळ्या सापडतील त्याला दंड. दुरुस्ती केली की दंड माफ. बायाबापड्यांनी कुरकुर केली असेल. कोणाला आपल्या स्वयंपाकघरात सरकारी मनुष्य डोकावलेला आवडतो? वर्षभराने अळ्यांची भांडी तीनशेच्या आत आली. १९०१ साली पीतज्वराने मेले १८. १९०२ साली एकही नाही.

पुढे गॉर्गस पनामाला गेला. तेथे आधीच्या फ्रेंच इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत आणि त्या वाट्यांतच डास वाढून रोग्यांना चावत. हे वाचले तेव्हा माझ्या आजीच्या फडताळाखालच्या चार वाट्या डोळ्यांपुढे आल्या. फिन्ले १९०२ साली स्वतंत्र क्यूबाचे आरोग्यप्रमुख झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले.

पण डास वारला नव्हता. १९०५ साली ताप हवानात परत डोकावला, पुन्हा पिटाळला गेला, आणि भय सरले तशी मोजदाद सैल झाली. ब्राझीलने घरोघरची झडती इतक्या कडकपणे चालवली की १९५८ साली तो देश या डासापासून मुक्त जाहीर झाला. तेथेही तो पुढे परतलाच. क्यूबातून तर तो कधी पुरता गेलाच नव्हता.

१९७७ साली बेटावर डेंग्यू आला. लाखो लोकांना ताप, अंगदुखी. पण साथ सौम्य, फारसे कोणी मेले नाही. लोकांनी ती विसरूनही टाकली असावी. मे १९८१ अखेर हवानात दुसऱ्या जातीचा डेंग्यू उद्भवला. डेंग्यूच्या जाती चार. एक येऊन गेली की तिच्यापासून जन्माचे संरक्षण, पण नंतर दुसरी आली तर ती कधी कधी रक्तस्रावाचे भयंकर रूप घेते. मुले रक्त ओकू लागली. जुलैत एका दिवसात अकरा हजारांवर नवे रोगी नोंदले गेले. एकूण रोगी ३,४४,२०३, मृत्यू १५८, त्यांत मुले १०१. शत्रूने हा रोग पेरला असा आरोप फिडेल कॅस्ट्रो यांनी जाहीर सभेत केला, अमेरिकेने तो नाकारला. सिद्ध काही झाले नाही. डॉक्टर गुस्तावो कौरी, मारिया ग्वादालुपे गुस्मान आदी संशोधकांनी मात्र रोग्यांची वये मांडली, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. पहिल्या साथीनंतर जन्मलेली एकदोन वर्षांची बाळे या भीषण प्रकारातून सुटली होती. पहिला डास त्यांना चावलाच नव्हता.

पुन्हा गॉर्गसची वही उघडली. हजारो माणसे दारोदार फिरू लागली, टाक्यांत ॲबेट, गल्ल्यांत धूर, बेफिकिरांना दंड. १० ऑक्टोबरला शेवटचा रोगी नोंदला आणि पुढे पंधरा वर्षे डेंग्यू आला नाही. मग सांतियागो शहरात हा डास १९९२ साली पुन्हा आढळला. बाहेरून आणलेल्या टायरांतून तो उतरला असे सांगतात. १९९७ साली तेथे डेंग्यूची साथ आली. बारा माणसे दगावली. सगळी प्रौढ. १९७७च्या सौम्य तापात ज्यांना कोणी मोजले नव्हते, त्या पिढीतली ती.

त्यानंतरही डेंग्यू क्यूबात पुनःपुन्हा आला. तेथील पुष्कळ घरांत पितरांसाठी पाण्याने भरलेला पेला ठेवण्याची रीत आहे. त्या पेल्यांतही अळ्या सापडत. पेला काढा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? पाणी दर आठवड्याला बदला, पेला घासा, एवढेच निरीक्षक सांगत. मग दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर ते तारीख घालत, सही करत, आणि शेजारच्या दारावर थाप मारत.