भाताचा चुलतभाऊ फेज

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू असतात आणि विषाणू त्यांच्या दसपट, म्हणजे १ कोटीच्या घरात. त्यातले बहुतेक विषाणू जिवाणूंवरच टपलेले. शिवाय जिवाणू गिळून जगणारे एकपेशीय आदिजीव आहेत, आणि जिवाणूंचीच शिकार करणारे काही जिवाणूही आहेत. एका पंगतीला इतके जण बसल्यावर वाट्यावरून ओढाताण ठरलेली. मला त्यांच्या पोटापेक्षा त्यांच्या नावांत अधिक रस आहे.

जिवाणू मारणाऱ्या विषाणूला फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ‘बॅक्टेरिओफाज’ असं नाव दिलं. इंग्रजीमार्गे तो आपल्याकडे ‘फेज’ म्हणून आला. ग्रीक ‘फागेन’ म्हणजे खाणं. मराठीत त्याचा ‘जिवाणुभक्षक’ झाला आणि भाषांतरकाराला कल्पना असो वा नसो, शब्द आपल्याच घरी परतला. संस्कृतातल्या ‘भज्’ धातूचा जुना अर्थ वाटणं, वाटा देणं असा आहे. त्यातूनच ‘भाग’ आला, ‘भक्ष्’ आला आणि ‘भक्त’ही आला. या ‘भक्त’चा एक अर्थ शिजवलेलं अन्न, तो प्राकृतात ‘भत्त’ झाला आणि मराठीत ‘भात’. ग्रीक ‘फागेन’ही भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी नेऊन जोडतात. आधी वाटा मिळणं, मग तो खाणं, असा अर्थाचा प्रवास. म्हणजे भात आणि फेज हे चुलतभाऊच.

पण फेज खातो का? त्याला तोंड नाही, पोट नाही. तो जिवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी त्याला फोडून त्या बाहेर पडतात. देरेल यांना हे नाव अक्षरशः घ्यायचं नव्हतं. ‘फाज’ म्हणजे एखाद्याच्या जिवावर वाढणारा, असा खुलासा त्यांनीच पुढे केला. मराठी वाचकाला त्याची गरज नव्हती. दुसऱ्याच्या जिवावर जगणारे आपण रोज पाहतो.

‘विषाणू’ची कथाही तशीच. लॅटिन ‘व्हायरस’ आणि संस्कृत ‘विष’ एकाच कुळातले, त्यामुळे हा प्रतिशब्दही नात्यातलाच निघाला. मात्र जिवाणूंचं विष माणसाचं विष असतंच असं नाही. १८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं लिहिलं. पाणी उकळलं की तो गुण जात असे. पुढे अनेकांनी त्याचं श्रेय फेजना दिलं. ज्या पाण्याला लोक तीर्थ म्हणत होते, त्याचा गुण विषाच्या नावावर जमा झाला!

फेजचा एक प्रतिस्पर्धी अगदी उशिरा सापडला. १९६२ साली जर्मनीत हाइन्झ स्टोल्प आणि पेट्झोल्ड पिकांच्या रोगजंतूंवरचे फेज मातीत शोधत होते. फेजमुळे जिवाणूंच्या थरात पडणारे पारदर्शक डाग लवकर दिसतात आणि मग वाढायचे थांबतात. इथे काही डाग काही दिवसांनी उमटले आणि वाढतच राहिले. त्यात हलणारा, बारीक, वाकडा जिवाणू निघाला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव पडलं ‘डेलोव्हिब्रिओ बॅक्टेरिओव्होरस’: जळूसारखा चिकटणारा, थरथरणारा, जिवाणू गिळणारा. यातलं ‘व्होरस’ लॅटिन ‘व्होरारे’वरून आलं आणि त्याचं मूळ आपल्या ‘गिळणे’पाशी भेटतं.

नाव देखणं, पण फसवं. जळू बाहेरून चिकटते. हा भक्ष्याचं बाहेरचं आवरण भोकसून आत शिरतो, दोन आवरणांमधल्या जागेत मुक्काम ठोकतो आणि तीन-चार तासांत त्याला आतून संपवून पिलावळीसह बाहेर येतो. गिळणारा म्हणावा तो इथे भक्ष्याच्या पोटात! खरोखर गिळतात ते अमीबासारखे आदिजीव, आणि त्यांच्या नावात खाण्याचा उल्लेखच नाही. ‘अमीबा’ ग्रीकमध्ये बदल सुचवतो. ‘आदिजीव’ तर नुसतीच वंशावळ सांगतो.

हे स्पर्धक एकमेकांचा घास पळवतात, हे खरंच. पण कधीकधी एकाच्या हातून निसटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. प्रयोगशाळेत फेजला दाद न देणारे ई. कोलाय जिवाणू डेलोव्हिब्रिओने उडवले, आणि डेलोव्हिब्रिओला चुकवून राहिलेले फेजने. दोघं एकत्र असताना सगळे संपले. एकटा असताना कोणालाच ते साधलं नव्हतं.

वाटा कोणाला मिळतो, यावर पुढचं बरंच ठरतं. आदिजीवाने जिवाणू गिळला तर तो घास प्लवकांमार्गे माशांपर्यंत चढत जातो. फेजने फोडला तर त्यातला ऐवज पाण्यातच सांडतो आणि उरलेले जिवाणू तो पुन्हा वापरतात. या वळणाला विल्हेल्म आणि सटल यांनी १९९९ साली ‘व्हायरल शंट’ म्हटलं. याला मराठी प्रतिशब्द घडवायच्या भानगडीत मी पडणार नाही. गाडीचे डबे मुख्य मार्गावरून बाजूच्या रुळावर नेणारं ‘शंटिंग’ मनमाडपासून मिरजेपर्यंत सगळ्यांना कळतं.