नागपूर जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने 2001-02 मध्ये खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे मोजले, पण रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. गेलेले मुद्दलच सव्वाशे कोटी रुपयांच्या घरात होते. प्रकरण 2002 च्या एप्रिलमध्ये उघडकीस आले. पहिल्या न्यायालयाचा निकाल लागायला 22 डिसेंबर 2023 ही तारीख उजाडली.

  या घोटाळ्याची झळ नागपूर शहरातल्या मुख्यालयापुरती राहिली नाही. जिल्ह्यातलेच, कन्हान नदीकाठचे कामठी हे 1821 पासूनचे छावणीचे गाव, पण भोवतालचा तालुका शेतीचा आहे. तिथल्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळते ते गावच्या सेवा सहकारी सोसायटीकडून, आणि सोसायटीला पैसा पुरवते जिल्हा बँक. खरिपाच्या तोंडावर हा शेतकरी सातबारा, आठ-अ आणि दुसऱ्या बँकांचे ‘नो ड्यूज’ दाखले गोळा करत हिंडतो. यातला एक कागद कमी पडला तरी प्रकरण मंजूर होत नाही. त्याच बँकेतून कोट्यवधी रुपये बाहेर गेले, तेव्हा बदल्यात काय हाती आले हे वेळेवर तपासले गेले नाही. या घोटाळ्यातली सर्वांत संतापजनक बाब हीच आहे.

सरकारी रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची कबुली. त्याची मालकी रिझर्व्ह बँकेकडील ‘एसजीएल’ खात्यात नोंदली जाते. घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणे, एवढेच दलालाचे काम. पैसे आणि रोखे यांची देवघेव त्या दोघांत थेट व्हायला हवी. नागपुरात पैसा थेट दलाल कंपन्यांकडे गेला. बँकेच्या फायलीत राहिली ती ‘काँट्रॅक्ट नोट’: रोख्याचे नाव, व्याजदर, मुदत, रक्कम आणि खाली दलालाची सही. सौदा ठरला एवढेच हा कागद सांगतो. रोखा खात्यात जमा झाला की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्या काळात व्याजदर उतरत होते, रोख्यांचे भाव चढत होते आणि या व्यवहारांत चांगली कमाई दिसत होती.

दलालांपैकी ‘होम ट्रेड’ ही मुंबईची कंपनी देशभर गाजत होती. तिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन झळकत. वर्धा आणि उस्मानाबाद इथल्या जिल्हा बँकाही याच कंपनीच्या व्यवहारांत अडकल्या.

धोक्याची सूचना महाराष्ट्राला दहा वर्षे आधीच मिळाली होती. 1992 च्या हर्षद मेहता प्रकरणात रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाचे कागद फिरत होते, आणि ते देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड होती. त्या प्रकरणात ती बुडाली. पुढे रिझर्व्ह बँकेने दलालांवर बंधने घातली, तरी सहकारी बँकांच्या पातळीवर देखरेख सैल राहिली. नागपूरच्या घटनेनंतर, 2002 मध्येच, सरकारी रोखे डिमॅट स्वरूपात ठेवण्याची सक्ती झाली.

लेखापरीक्षकाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला, सीआयडीने तपास केला आणि नोव्हेंबर 2002 मध्ये आरोपपत्र दाखल झाले. त्यानंतर खटला दोन दशके रेंगाळला. अखेर बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार, तत्कालीन महाव्यवस्थापक अशोक चौधरी आणि दलाली व्यवहारांतील चौघे, अशा सहा जणांना नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड ठोठावला. तिघे निर्दोष सुटले. शिक्षा दोन वर्षांहून अधिक असल्याने केदार यांची सावनेरची आमदारकी गेली. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला. दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही, त्यामुळे त्या वर्षीची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही.

बँक पुढेही सावरली नाही. 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँकांना नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, आणि त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी सरकारी मदत लागली. बँकेचे नुकसान कोणाकडून वसूल करायचे, याची सहकार कायद्याच्या कलम 88 खालील चौकशी फौजदारी खटल्याहून वेगळी आहे.

जिल्हा बँकेच्या वार्षिक सभेला सोसायट्यांचे प्रतिनिधी मतदार म्हणून बसतात. अहवालातल्या ‘गुंतवणूक’ या रकान्यासमोरचे रोखे कोणत्या खात्यात जमा आहेत, हे त्यांनी सभेत उभे राहून विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.