अलीबद्दलचा वाद मिटता कामा नये

3 जून 2016 रोजी मुहम्मद अली गेला. त्यानंतर जे श्रद्धांजलीपर लेखन झालं, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहिला : वादातीत. अलीचं मोठेपण वादातीत आहे, त्यावर आता चर्चा नको. हाच शब्द कुणी रॉकी मार्सियानोसाठी वापरतो, कुणी फ्लॉइड मेवेदरसाठी. माझं म्हणणं असं, की हा शब्द कोणत्याही मुष्टियोद्ध्याच्या वारशाला लावता येत नाही, आणि अलीच्या वारशाला तर मुळीच लावू नये. अलीला खाली ओढण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्या लेखी हेवीवेट गटात त्याचं स्थान पहिलं आहे. म्हणूनच ते स्थान कशावर उभं आहे हे तपासून पाहणं मला गरजेचं वाटतं.

खंडनाआधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो प्रतिपक्षालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावा, ही आपली जुनी रीत. तर पूर्वपक्ष असा : बॉक्सिंग हा सगळ्यांत उघडा खेळ आहे. दोरांच्या चौकटीत दोनच माणसं. दोष द्यायला सहकारी नाहीत, खेळपट्टी नाही. त्यामुळे इथला निकाल म्हणजे त्या माणसाचाच निकाल. तो आकड्यांत नोंदलेला असतो. आकडे पुरेसे वाटले नाहीत तर चित्रफीत आहे. तीही अपुरी वाटली तर काळाने दिलेला कौल आहे. आणि अलीच्या बाबतीत चौथा आधारही आहे. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरतीला नकार दिला, विजेतेपद आणि उमेदीची वर्षं गमावली. एवढी किंमत मोजलेल्या माणसाच्या मोठेपणावर वाद घालणं हा कृतघ्नपणा आहे.

हे चारही आधार वजनदार आहेत. एकेक घेऊ.

पहिला आधार आकड्यांचा. मार्सियानो 27 एप्रिल 1956 रोजी निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 49 लढती आणि 49 विजय होते. पण या 49 च्या आत डोकावून पाहा. 24 मार्च 1950 रोजी रोलंड ला स्टार्झाविरुद्ध एका पंचाने मार्सियानोच्या बाजूने कौल दिला, दुसऱ्याने ला स्टार्झाच्या, तिसऱ्याच्या हिशेबात फेऱ्यांची बरोबरी झाली. निकाल शेवटी पूरक गुणांवर लागला. 1951 मध्ये त्याने जो लुईला हरवलं तेव्हा लुई 37 वर्षांचा होता. 1952 मध्ये त्याने जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद घेतलं. त्या लढतीत बारा फेऱ्यांपर्यंत पंचांच्या तिन्ही गुणपत्रिकांवर मार्सियानो मागे होता आणि तेराव्या फेरीतल्या एका उजव्या ठोशाने सारं फिरलं. तो ठोसा अस्सल होता, विजयही अस्सल होता. पण ‘49-0’ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

मेवेदरचा पन्नासावा विजय कॉनर मॅकग्रेगरवरचा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मॅकग्रेगरची ती पहिलीच लढत होती. अपराजित राहणं हाच निकष मानायचा तर थायलंडच्या वानहेंग मेनायोथिनला मेवेदरच्या वर बसवावं लागेल. 2019 पर्यंत त्याने 54 लढती खेळल्या होत्या आणि सगळ्या जिंकल्या होत्या. पण आकड्यांचे पुरस्कर्तेही त्याचं नाव घेत नाहीत, कारण आकड्यामागे समोरचा माणूस कोण होता हे त्यांनाही ठाऊक असतं. उलट, वजनाचा हिशेब बाजूला ठेवून सर्वश्रेष्ठ कोण, असं विचारलं की जाणकारांपैकी कितीतरी जण शुगर रे रॉबिन्सनचं नाव घेतात. तो 19 वेळा हरला होता, आणि त्याच्या एकूण विजयांचा आकडाही सगळ्या नोंदींत सारखा मिळत नाही.

आकडा हा मुळात कुणाच्या तरी मताचा सारांश असतो. कोल्हापूरच्या आखाड्यात निकाली कुस्ती म्हणतात तेव्हा पाठ मातीला लागलेली सगळ्यांना दिसते. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तर तसंच. पण लढत पूर्ण फेऱ्यांची झाली की निकाल तिघांच्या डोळ्यांवर सोपवला जातो. 28 सप्टेंबर 1976 रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये अली आणि केन नॉर्टन तिसऱ्यांदा भिडले. दोन पत्रिकांवर 15 पैकी 8 फेऱ्या अलीच्या आणि 7 नॉर्टनच्या होत्या. म्हणजे त्या दोघांनी एकच फेरी उलटी मोजली असती तर विश्वविजेता नॉर्टन झाला असता. ती लढत नॉर्टननेच जिंकली होती असं मानणारे बॉक्सिंगचे अभ्यासक आजही आहेत. अलीच्या 56 विजयांमध्ये हा एक विजय मोजला जातो.

दुसरा आधार चित्रफितीचा. 25 मे 1965, लुइस्टन, मेन. अली आणि सनी लिस्टन यांची दुसरी लढत. पहिल्याच फेरीत अलीचा एक छोटा उजवा ठोसा लागतो आणि लिस्टन कोसळतो. मधला पंच होता जर्सी जो वॉलकॉट, तोच माजी विजेता. मोजणीचा गोंधळ झाला आणि रिंगबाहेरून सांगितल्यावर लढत थांबली. चित्रफीत आहे, जगप्रसिद्ध छायाचित्र आहे. तरी लिस्टन ठोशाने पडला की मुद्दाम पडला, हा प्रश्न सुटलेला नाही. कॅमेरा ठोसा दाखवतो. पडणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला दाखवता येत नाही.

आणि ज्यांची चित्रफीतच नाही त्यांचं काय? हॅरी ग्रेबने 1922 मध्ये जीन टनीला हरवलं. टनीच्या सगळ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. पण ग्रेबच्या एकाही लढतीचं चित्रण आज उपलब्ध नाही. शिवाय त्या काळी अमेरिकेत कित्येक ठिकाणी अधिकृत निकाल जाहीर करायला कायद्याने बंदी होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला बातमीदार जे लिहील तोच निकाल. ग्रेबचा वारसा बराचसा त्या बातमीदारांच्या शब्दांवर उभा आहे. त्याला महान म्हणता येतं, आणि मी म्हणतो. पण साक्षीपुरावा असा असताना ‘वादातीत’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

तिसरा आधार काळाच्या कौलाचा. काळ निवाडा देतो हे खरं, पण तो निवाडा बदलतोही. जॅक जॉन्सन 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीमध्ये जगातला पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. 1913 मध्ये त्याला वर्णद्वेषातून गुन्हेगार ठरवण्यात आलं. त्याला माफी मिळाली 2018 मध्ये, 105 वर्षांनी. यातला कोणता कौल काळाचा मानायचा? याच जॉन्सनने विजेता झाल्यावर सॅम लँगफर्डसारख्या तोलाच्या कृष्णवर्णीय आव्हानवीराला विजेतेपदाची लढत दिली नाही, हेही तितकंच खरं. अन्याय सोसणारा आणि अन्याय करणारा एकाच माणसात असू शकतो.

अलीच्या बाबतीत तर नॅट फ्लेशरचं उदाहरण पुरेसं आहे. ‘द रिंग’ या मासिकाचा हा संस्थापक. 1967 मध्ये अधिकारी मंडळांनी अलीचं विजेतेपद काढून घेतलं तेव्हा फ्लेशरच्या मासिकाने ते काढून घ्यायला नकार दिला. रिंगबाहेर हरवलेलं पद त्याला मान्य नव्हतं. पण त्याच फ्लेशरच्या सार्वकालिक हेवीवेट यादीत पहिला होता जॅक जॉन्सन, आणि पहिल्या दहांत अलीला जागाच नव्हती. अलीच्या हक्कासाठी उभा राहिलेला माणूस अलीच्या श्रेष्ठत्वाविषयी वेगळं मत ठेवू शकत होता. त्याला कृतघ्न म्हणणार का?

आता चौथा आधार, सगळ्यांत नाजूक. अलीने दिलेली किंमत खरी आहे. 22 मार्च 1967 ते 26 ऑक्टोबर 1970, म्हणजे 25 ते 28 या वयातले 43 महिने तो रिंगबाहेर होता. पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा डोक्यावर टांगलेली होती. 28 जून 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी ती रद्द केली. पण निकालाचं कारण पाहा : अपील मंडळाने सैन्यसेवेतून सूट मागणारा त्याचा अर्ज कोणत्या मुद्द्यावर फेटाळला हे सांगितलंच नव्हतं, म्हणून शिक्षा टिकली नाही. त्याची भूमिका योग्य होती असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. ते लोकांनी ठरवलं, वर्षानुवर्षं भांडून ठरवलं. त्या काळी जो लुईचा आदर्श सर्वमान्य होता. लुई 1942 मध्ये सैन्यात गेला होता, लढतींची कमाई त्याने सैनिकांच्या कल्याणनिधीला दिली होती. कृष्णवर्णीय विजेत्याने देशाशी कसं वागावं याचा तो नमुना वादातीत मानला असता, तर अलीच्या नकाराला जागाच उरली नसती. ज्याचा सगळा मोठेपणा प्रस्थापित मताशी वाद घालण्यातून घडला, त्यालाच वादातीत ठरवणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा अर्थ काढून घेणं.

इथवर खंडन झालं. पण ‘मग सगळं ज्याच्या त्याच्या मतावर सोडायचं का?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मंडन पुरं होत नाही.

माझा सिद्धान्त असा. वारशाचे तीन थर असतात : घडलं काय, निकाल काय लागला, आणि त्याची किंमत काय. पहिल्या थरावर वाद चालत नाही. 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासामध्ये अलीविरुद्ध आठव्या फेरीत जॉर्ज फोरमन पडला आणि लढत तिथेच संपली. हे नाकारणारा खोटं बोलतो. दुसऱ्या थरावर पुराव्यानिशी वाद घालता येतो, जसा नॉर्टनच्या लढतीबाबत घातला जातो. तिसरा थर मात्र कायम खुला असतो. तिथे प्रत्येक पिढीने आपली मोजपट्टी उघड सांगायची आणि मग मोजायचं. मोजपट्टी लपवून निकाल सांगणाऱ्याचं मत दुर्बळ, ती उघड करणाऱ्याचं सबळ. सगळी मतं सारखी नसतात ती यामुळे.

मी माझी सांगतो. मी अलीला हेवीवेट गटात पहिला मानतो, कारण लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन या चौघांना तो टाळून गेला नाही, आणि त्यातल्या ज्या दोघांनी त्याला हरवलं त्यांच्याशी पुन्हा लढून त्याने हिशेब चुकता केला. उद्या कुणी लुईची जवळजवळ बारा वर्षांची सत्ता आणि विजेतेपदाची 25 यशस्वी रक्षणं पुढे ठेवली, तर मला उत्तर द्यावं लागेल. ते द्यायला मी बांधील आहे. ‘वादातीत’ म्हटलं की हे बंधनच संपतं.

आणि त्याने सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते समोरच्या माणसाचं. मुष्टियोद्ध्याचा वारसा त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. तो दुसऱ्याच्या शरीरावर उमटलेला असतो. अलीला लढण्याचा परवाना पुन्हा मिळावा म्हणून जो फ्रेझरने शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीने गोऱ्यांचा हस्तक म्हटलं, दोघांच्या 1975 च्या मनिलातल्या लढतीआधी गोरिला म्हटलं. साउथ कॅरोलायनाच्या शेतात वाढलेल्या त्या माणसाला ही जखम आयुष्यभर पुरली. 2001 मध्ये अलीने जाहीरपणे खेद व्यक्त केला. म्हणजे स्वतः अलीनेच आपल्या वारशातला एक भाग पुन्हा तपासला. चाहत्यांनी तो तपासू नये हा आग्रह मग कुणासाठी?

जे हरलेल्याच्या बाबतीत खरं, तेच उद्याच्या स्पर्धकाच्या बाबतीतही. 2019 मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीविनाच पाठवण्याची भाषा झाली तेव्हा निखत झरीनने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी मागितली. सहा जागतिक विजेतेपदं मिळवलेल्या खेळाडूला आव्हान देणं अनेकांना उद्धटपणा वाटलं. डिसेंबरात चाचणी झाली आणि मेरी कोमने ती 9-1 अशी जिंकली. तिची थोरवी त्या चाचणीने तसूभरही कमी झाली नाही, उलट ती रिंगमध्ये पुन्हा सिद्ध झाली. निखत 2022 मध्ये विश्वविजेती झाली.

‘वादातीत’ या शब्दाने खुद्द अलीचंही भलं झालं नाही. मनिलानंतर तो आणखी 10 लढती खेळला. त्यातल्या एर्नी शेव्हर्सविरुद्धच्या 1977 च्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको हे त्याला सोडून गेले. त्याने थांबावं असं त्यांचं मत होतं. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या एकतर्फी मारलं आणि मग अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्याच्या सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांत ‘आता पुरे’ म्हणणारे कमी पडले. थोर माणसाशी वाद घालण्याचं धाडस कधी कधी त्याच्यावरच्या प्रेमाचंच रूप असतं.

म्हणून वाचकांना एकच विनंती. अलीचं नाव निघेल तेव्हा मनिलाची चित्रफीत पाहा, आणि 1 ऑक्टोबर 1975 च्या त्या सकाळी चौदावी फेरी संपल्यावर दुसऱ्या कोपऱ्यात काय घडलं तेही पाहा. डोळ्यांवरच्या सुजेने फ्रेझरला जवळजवळ दिसेनासं झालं होतं, तरी त्याला उठायचं होतं. लढत त्याने सोडली नाही. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने ती थांबवली.