झालान्यात बिबटे किती? एका मोजणीचा इतिहास

जयपूरच्या आग्नेयेला अरवलीची एक लहानशी डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी झालाना डुंगरी ही वसाहत असून राजस्थानच्या जनगणना संचालनालयाचे कार्यालय तेथेच आहे. प्रगणक दार ठोठावतो, माणूस दार उघडतो, नाव-वय सांगतो आणि एक नोंद पूर्ण होते. अशा नोंदींतूनच २०११ साली जयपूर शहराची लोकसंख्या तीस लाखांहून अधिक भरली. त्याच डोंगराच्या पाठीशी सुमारे वीस चौरस किलोमीटरचे झालाना राखीव जंगल आहे. संस्थानी काळातील शिकारओदी तेथे आजही उभी आहे आणि धोकाच्या झाडीत बिबटे वावरतात. हे रहिवासी मात्र दार उघडत नाहीत. ते किती आहेत, हे कसे सांगायचे? या साध्या प्रश्नाने भारतीय वन्यजीवशास्त्राला पन्नास वर्षे झुलवले, आणि त्याचे उत्तर अखेर एका विनामूल्य संगणक प्रणालीच्या रूपाने सामान्य अभ्यासकाच्या हाती आले.

मोजणी चुकली तर काय होते, याचा धडा जयपूरपासून फार दूर नाही. अलवर जिल्ह्यातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ सालच्या अधिकृत गणनेनुसार सोळा ते अठरा वाघ होते. २००५ च्या प्रारंभी शोध घेतला, तेव्हा एकही वाघ सापडला नाही. शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले होते. कागदावरचे वाघ मात्र जिवंत राहिले. २००८ साली रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सरिस्काला नव्याने प्रारंभ करावा लागला.

कागदावरचे ते वाघ पाऊलठशांतून आलेले होते. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. वनरक्षकाने ओल्या मातीतील ठसा काचेवर रेखून घ्यायचा आणि ठशांची तुलना करून वाघ वेगळे ओळखायचे. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. साधने नव्हती, तेव्हा या पद्धतीने मोठे काम केले हे नाकारता येणार नाही. पण तिच्यात एक मूलभूत उणीव होती. मऊ मातीतला आणि कठीण मातीतला ठसा एकाच जनावराचा असूनही वेगळा दिसतो. शिवाय जे ठसे दिसलेच नाहीत, त्यांचा हिशेब ही पद्धत करीत नव्हती. उत्तर म्हणून एक ठाम आकडा मिळे. तो किती चुकू शकतो, हे विचारण्याची सोयच नव्हती.

१९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे निराळा मार्ग धरला. जंगलातील वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावायचे आणि अंगावरील पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखायचा. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षीही माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाची वेगळी असते. पुढचे गणित जुनेच होते. पहिल्या फेरीत वीस प्राणी ओळखले आणि दुसऱ्या फेरीत दिसलेल्या वीस प्राण्यांपैकी दहाच ओळखीचे निघाले, तर निम्मे प्राणी पहिल्या वेळी नजरेतून सुटले असावेत आणि एकूण संख्या चाळीसच्या आसपास असावी. न दिसलेल्या प्राण्यांना हिशेबात घेणारी ही पद्धत कारंथ यांनी १९९५ साली वाघांसाठी मांडली.

तरीही झालान्यासारख्या जंगलात एक पेच उरतोच. कॅमेऱ्यात दिसलेले बिबटे जंगलाच्या क्षेत्रफळाने भागले, तर घनता फुगून येते. कारण बिबट्याचा वावर वनखात्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. तो गलता आणि आमागढच्या डोंगरांकडे जातो, वस्तीच्या कडेला येतो. अर्धे आयुष्य बाहेर घालवणारा प्राणी पूर्णपणे आतला म्हणून मोजला जातो. जंगल जितके लहान, तितकी ही चूक मोठी. न्यूझीलंडचे मरे एफर्ड यांनी २००४ साली यावर तोड सुचवली. प्रत्येक प्राण्याच्या वावराला एक केंद्र असते आणि त्या केंद्रापासून दूरच्या कॅमेऱ्यात तो दिसण्याची शक्यता उतरत जाते, हे गणितातच अंतर्भूत करायचे. त्यासाठी त्यांनी ‘डेन्सिटी’ ही विनामूल्य प्रणालीही उपलब्ध केली. तिच्यामागचे गणित पारंपरिक संख्याशास्त्राच्या चौकटीतले होते.

दुसरी चौकट बेझची. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. आधीचे ज्ञान आणि नवा पुरावा यांची सांगड घालून संभाव्यता सुधारत जायची, हे त्याचे सूत्र. विसाव्या शतकात रोनाल्ड फिशर यांच्या प्रभावामुळे हा विचार मागे पडला असताना केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी त्याची बाजू लावून धरली आणि १९३९ साली संभाव्यतेवरील आपल्या ग्रंथात तो पायापासून उभा केला. या जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिजमध्ये डॉक्टरेट मिळवणारे एक विद्यार्थी होते कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांनीच पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागाची पायाभरणी केली. केंब्रिजचे अॅडम्स पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९७४ साली पद्मभूषण. बेझच्या विचाराला नवजीवन देणाऱ्या परंपरेचा एक धागा असा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो.

त्या पिढीची अडचण विचारांची नव्हती, आकडेमोडीची होती. वास्तवातील प्रश्नांसाठी बेझचे सूत्र कागदावर सोडवणे बहुधा अशक्यच असे. संगणकाकडून हजारो यादृच्छिक पावले टाकवून उत्तराचा अंदाज घेण्याची युक्ती १९५३ साली लॉस अॅलामॉस येथे निघाली. संख्याशास्त्रज्ञांनी ती खऱ्या अर्थाने १९९० नंतर आत्मसात केली. केंब्रिजमध्ये १९८९ साली ‘बग्स’ प्रकल्प सुरू झाला, न्यूझीलंडमध्ये ‘आर’ ही मुक्त संगणकभाषा जन्मली. साधने विनामूल्य झाली. पण ती वापरण्यासाठी आज्ञावली लिहिता येणे आवश्यक होते. दिवसभर कॅमेरे बांधत हिंडणाऱ्या संशोधकाला अथवा वनाधिकाऱ्याला ते जमेलच असे नव्हते.

हे अंतर भरून काढणारी ‘स्पेसकॅप’ ही प्रणाली २०१२ साली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आली. अर्जुन गोपालस्वामी हे तिचे प्रमुख लेखक. कारंथ, सांबा कुमार, देवचरण जठन्ना, पल्लवी सिंग हे भारतीय आणि अँड्र्यू रॉयल, जेम्स हाइन्स हे अमेरिकी सहकारी. ‘आर’वर चालत असूनही तिच्यात आज्ञा लिहाव्या लागत नसत. कोणता प्राणी कुठे व केव्हा दिसला, कोणता कॅमेरा कोणत्या दिवशी चालू होता आणि वावराची केंद्रे कुठे असू शकतात, अशा तीन तक्त्यांची माहिती द्यायची, खिडकीतील पर्याय निवडायचे आणि संगणकाला काम करू द्यायचे. आतली युक्ती मोठी सुंदर आहे. दिसलेल्या प्राण्यांच्या यादीत एकदाही न दिसलेले असे अनेक काल्पनिक प्राणी मिळवले जातात आणि प्रत्येकाविषयी संगणक पुन्हा पुन्हा विचारतो, हा खरोखर असून नजरेतून सुटला असेल, की नसेलच? हजारो फेऱ्यांनंतर हाती येतो तो एकच आकडा नव्हे, तर शक्यतांचा पट. कोणती संख्या किती संभवनीय, हे तो दाखवतो.

अशा आकड्याची भाषाच निराळी असते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या प्रदेशात, कॅमेरे लावून बिबट्यांची घनता काढली. २०१३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर होते दर शंभर चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे, अधिक-उणे १.२. ऊसशेतीतही बिबटे कायमचे राहतात, ते वाट चुकून आलेले नसतात, हे या संख्येने दाखवले. आणि ‘अधिक-उणे’ने आपल्या ज्ञानाची मर्यादाही सांगितली. देशव्यापी अहवालांतही आता हे अंतर दिलेले असते. २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,८७४ बिबटे आहेत. पण त्याच अहवालात १२,६१६ ते १५,१३२ असा पल्ला आहे. मथळ्यात पहिला आकडा येतो, पल्ला गळून पडतो. सरिस्काच्या कागदांवर गळालेली गोष्ट हीच होती.

झालान्याकडे शास्त्रीय लक्ष गेले ते गेल्या काही वर्षांत. स्वप्निल कुंभोजकर आणि सहकाऱ्यांनी तेथील माणूस-बिबट्या सहजीवनावर २०१९ साली, तर कॅमेऱ्यांच्या आधारे बिबट्यांच्या वावरक्षेत्रावर २०२० साली शोधनिबंध प्रसिद्ध केले. बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांसारख्या पाळीव व भटक्या प्राण्यांचा वाटा किती मोठा आहे, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. अशा जंगलात संख्येइतकेच इतर प्रश्न मोलाचे ठरतात. उदाहरणार्थ, सफारीच्या गाड्यांमुळे बिबट्यांचा वावर बदलतो का? पारंपरिक कसोटीत ‘फरक आढळला नाही’ एवढेच म्हणता येते. त्यातून ‘फरक नाही’ असा अर्थ काढणे ही चूक ठरते. कदाचित नोंदीच अपुऱ्या असतील. जेफ्रीज यांनी घडवलेले माप दोन्ही शक्यतांना तराजूत घालते आणि पुरावा कोणत्या पारड्यात किती पट जड आहे, हे सांगते. हे माप आज ‘जॅस्प’ या विनामूल्य प्रणालीत माऊसच्या एका टिचकीवर मिळते. अॅमस्टरडॅम विद्यापीठात एरिक-यान वागेनमाकर्स यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. पारंपरिक आणि बेझची अशी दोन्ही उत्तरे ती शेजारी-शेजारी मांडते. तिच्या नावातील ‘जे’ हे अक्षर जेफ्रीज यांचे आहे.

सोपेपणाची एक किंमतही आहे. खिडकीतील पर्याय निवडता येतात, म्हणून ते कळलेच असे नाही. काल्पनिक प्राण्यांची संख्या फार कमी ठेवली, तर उत्तर त्या मर्यादेला जाऊन अडते. वावराची केंद्रे जंगलाच्या हद्दीतच कोंडली, तर हद्दीची जुनी चूक मागच्या दाराने परतते. दोन बिबट्यांची छायाचित्रे एकाची म्हणून नोंदली, तर जगातील कोणतीही प्रणाली ती चूक पकडणार नाही. काचेवर ठसा रेखणाऱ्या वनरक्षकाची नजर जितकी महत्त्वाची होती, तितकीच आज ठिपके जुळवणाऱ्याची आहे.

फरक एवढाच की, आता हिशेब उघडा आहे. मूळ नोंदी मिळाल्या, तर जयपूरचा विद्यार्थी वा अकोल्याचा शिक्षक परवाना विकत न घेता तीच गणना पुन्हा करून पाहू शकतो आणि निष्कर्षाला आव्हान देऊ शकतो. सरिस्कात वाघ संपत होते, तेव्हा हे शक्य नव्हते. आकडा होता, पण तो तपासण्याचे साधन कोणाच्या हाती नव्हते. झालान्यातील बिबट्या उद्याही दार उघडणार नाही. मात्र त्याच्याविषयी कोणी एक ठाम आकडा सांगितला, तर ‘अधिक-उणे किती?’ असे विचारण्याचा अधिकार आता प्रत्येकाला आहे.